स्पॅनिशमधलं नाम आणि उपपद: ‘एल’ की ‘ला’, ‘उन’ की काहीच नाही

माझ्या वर्गातल्या एका विद्यार्थिनीची वही परवा हातात आली. पानभर शब्द, सुवाच्य अक्षरात: मेसा – टेबल, लेचे – दूध, पुएन्ते – पूल, नारिस – नाक. एकाही शब्दापुढे ‘एल’ किंवा ‘ला’ नव्हतं. अर्थ सगळे तोंडपाठ होते. ‘गार दूध’ स्पॅनिशमध्ये सांग म्हटल्यावर मात्र ती ‘लेचे फ्रिओ’ म्हणाली. लेचे स्त्रीलिंगी आहे, त्यामुळे ‘लेचे फ्रिआ’ हवं. वरवर ही विशेषणाची चूक वाटते. खरं तर ती शब्द वहीत उतरवला त्याच दिवशी झाली होती.

आपण बहुतेक जण स्पॅनिश इंग्रजी पुस्तकांतून शिकतो आणि ती पुस्तकं इंग्रजी भाषकांसाठी लिहिलेली असतात. इंग्रजीत नामाला व्याकरणाचं लिंग नाही, विशेषणाची रूपं बदलत नाहीत, पण ‘द’ आणि ‘अ’ ही उपपदं आहेत. आपलं नेमकं उलट आहे. आपल्याकडे तीन लिंगं आहेत, विशेषण जुळवायची जन्मजात सवय आहे, उपपद मात्र नाही. त्यामुळे पुस्तक जिथे चार पानं समजावत बसतं तिथे आपल्याला एक ओळ पुरते, आणि पुस्तक जे गृहीत धरतं तिथे आपण अडखळतो. शिवाय उपपदाचं सगळं ज्ञान आपण इंग्रजीतूनच घेतलेलं असतं, म्हणून इंग्रजी भाषकाच्या चुकाही आयत्या पदरात पडतात.

खालचे टप्पे क्रमानेच करा. लिंग पक्कं नसताना ‘एल की उन’च्या नियमांत शिरलात तर दोन्ही कच्चं राहतं.

## पूर्वतयारी

स्पॅनिश शब्द मी इथे लॅटिन अमेरिकेतल्या उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिले आहेत. तुमच्या वहीत ते मूळ लिपीतच लिहा, कारण काही नियम शेवटच्या अक्षरावर चालतात.

एक नवी वही आणि दोन रंगांची पेनं घ्या. पुल्लिंगी शब्द कायम एका रंगात, स्त्रीलिंगी दुसऱ्या. मोबाईलवरची कार्डं वापरत असाल तर तिथेही हेच रंग ठेवा. रोज दहा-बारा शब्दांपेक्षा जास्त घेऊ नका.

आधी उपपदांची आठ रूपं तोंडात बसवा. ठरावीक गोष्टीसाठी पुल्लिंगी ‘एल’, अनेकवचनी ‘लोस’. स्त्रीलिंगी ‘ला’, अनेकवचनी ‘लास’. कुठल्या तरी एका गोष्टीसाठी ‘उन’ आणि ‘ऊना’. काही गोष्टींसाठी ‘उनोस’ आणि ‘ऊनास’. संख्येच्या आधी ‘उनोस, ऊनास’ आलं तर अर्थ ‘सुमारे’ होतो. ‘ऊनास बेइन्ते पेर्सोनास’ म्हणजे आपलं ‘वीसेक माणसं’.

सावध: स्पॅनिशमध्ये ‘लो’ नावाचा आणखी एक शब्द भेटेल. मराठी माणसाला लगेच वाटतं, हे नपुंसकलिंगाचं उपपद असणार, म्हणजे पुस्तक, घर, झाड यांना हेच लावायचं. तसं नाही. स्पॅनिशमध्ये नपुंसकलिंगी नाम नाही. ‘लो’ विशेषणापुढे येतं: ‘लो इम्पोर्तान्ते’ म्हणजे ‘महत्त्वाचं जे आहे ते’. नामापुढे ते कधीही लावू नका.

## टप्पा १: शब्द वहीत तीन तुकड्यांत लिहा

उपपद, नाम, आणि ज्याचं रूप लिंगाप्रमाणे बदलतं असं एक विशेषण. ‘लेचे’ लिहू नका, ‘ला लेचे फ्रिआ’ लिहा. ‘आरोस’ लिहू नका, ‘एल आरोस ब्लांको’ लिहा, म्हणजे पांढरा भात. ‘पुएन्ते’ नको, ‘एल पुएन्ते बिएहो’, जुना पूल.

विशेषण कशाला, असं मला दरवेळी विचारलं जातं. कारण नुसतं उपपद पाठ करताना गळून जातं. ‘फ्रिआ’ शेवटी आलं की आधीचं ‘ला’ आपोआप ओढलं जातं. शिवाय काही शब्दांचं उपपदच फसवं असतं (ते सातव्या टप्प्यात येईल), तिथे खरं लिंग विशेषणच सांगतं. विशेषण निवडताना ‘ग्रान्दे’ (मोठा) किंवा ‘बेर्दे’ (हिरवा) घेऊ नका. त्यांची रूपं लिंगाप्रमाणे बदलत नाहीत.

पाठ करताना तिन्ही शब्द एका श्वासात म्हणा. ‘एल’नंतर थांबून मग नाम आठवायची सवय लागली तर बोलताना तीच फट उरते, आणि त्या फटीत चुकीचं उपपद घुसतं.

तपासा: वही बंद करा आणि मराठीतून स्वतःला विचारा: पूल? दूध? भात? उत्तर उपपदासकट आलं नाही तर ते चूक धरा, अर्थ बरोबर असला तरी.

## टप्पा २: शेवटावरून लिंग ओळखा, पण कुठला शेवट किती भरवशाचा ते जाणून

सगळे शेवट एकाच यादीत पाठ करू नका. भरवशाच्या क्रमाने घ्या.

डोळे झाकून विश्वास ठेवावे असे: ‘-सिओन’ने संपणारे (कान्सिओन, तेलेबिसिओन), ‘-दाद’ आणि ‘-ताद’ने संपणारे (सिउदाद, लिबेर्ताद) स्त्रीलिंगी. ‘-आहे’ने संपणारे (बिआहे म्हणजे प्रवास, मेन्साहे म्हणजे निरोप) पुल्लिंगी. वारांची, महिन्यांची आणि भाषांची नावं पुल्लिंगी. क्रियापद आणि नाम जोडून झालेले शब्दही पुल्लिंगी, शेवटी ‘आ’ दिसला तरी: एल पाराग्वास म्हणजे छत्री, एल आब्रेलातास म्हणजे डबा उघडायचं साधन.

सावध: ‘-सिओन’ म्हणजे नुसतं ‘-इओन’ नव्हे. आबिओन (विमान) आणि कामिओन (ट्रक) पुल्लिंगी आहेत.

भरवशाचे, पण थोडे अपवाद असलेले: ‘ओ’ने संपणारे पुल्लिंगी. अपवाद मोजकेच आणि रोजच्या वापरातले: ला मानो (हात), ला फोतो, ला मोतो. फोतो आणि मोतो ही ‘फोतोग्राफिआ’ आणि ‘मोतोसिक्लेता’ यांची छोटी रूपं आहेत, म्हणून लिंग मूळ शब्दाचं राहिलं. ‘रादिओ’ स्पेनमध्ये स्त्रीलिंगी, मेक्सिकोत ‘एल रादिओ’ ऐकू येतं. ‘-ओर’ने संपणारे पुल्लिंगी (कालोर, दोलोर, कोलोर), अपवाद ला फ्लोर आणि ला लाबोर.

इथेच सगळे घसरतात: ‘आ’ने संपणारे स्त्रीलिंगी, हा नियम सगळ्यांना पहिल्या दिवशी कळतो आणि मग दिआ, मापा, प्लानेता, प्रोब्लेमा, तेमा यांना बिनदिक्कत ‘ला’ लागतं. हे सगळे पुल्लिंगी. इथे मराठीची एक सोय आहे, योगायोगाने जुळून आलेली: दिवस, नकाशा, ग्रह, प्रश्न, विषय. पाचही मराठीत पुल्लिंगी! हे पाच मराठीच्या जोरावर लक्षात ठेवा. त्यांच्या पुढचे सिस्तेमा (व्यवस्था), इदिओमा (भाषा), क्लिमा (हवामान), पोएमा (कविता) पुल्लिंगीच, पण तिथे मराठी मदतीला येत नाही, ते घोकावेच लागतात.

सावध: ‘-मा’ने संपणारं सगळं पुल्लिंगी, असा उलटा नियम काढू नका. ग्रीकमधून आलेले पुष्कळसे तसे आहेत. पण कामा (पलंग), फोर्मा, फिर्मा (सही), क्रेमा, रामा (फांदी), आलार्मा हे साधे स्त्रीलिंगी आहेत. ‘एल प्रोब्लेमा’ शिकल्याच्या आठवड्यात ‘एल कामा’ म्हणणारे हमखास भेटतात.

मुळीच विश्वास ठेवू नये असे: ‘ए’ने आणि ‘झेड’ने संपणारे. नोचे (रात्र), लेचे, काये (रस्ता), याबे (किल्ली), सांग्रे (रक्त) स्त्रीलिंगी. कोचे (गाडी), पुएन्ते, दिएन्ते (दात), नोम्ब्रे (नाव) पुल्लिंगी. लुस (प्रकाश), बोस (आवाज), नारिस स्त्रीलिंगी. आरोस, लापिस (पेन्सिल), पेस (मासा) पुल्लिंगी. इथे नियम शोधण्यात वेळ घालवू नका. पहिल्या टप्प्यातली तीन तुकड्यांची पद्धत खास या शब्दांसाठी आहे.

काही शब्दांचं उपपद बदललं की अर्थच बदलतो. एल कापिताल म्हणजे भांडवल, ला कापिताल म्हणजे राजधानी. एल कोमेता म्हणजे धूमकेतू, ला कोमेता म्हणजे पतंग. एल ओर्देन म्हणजे क्रम, ला ओर्देन म्हणजे हुकूम. अशा जोड्या एकत्र, समोरासमोर लिहा.

माणसांबद्दलचे दोन शब्द जपून वापरा. ‘ला पेर्सोना’ आणि ‘ला बिक्तिमा’ पुरुषाबद्दल बोलतानाही स्त्रीलिंगीच राहतात. मराठीत ‘व्यक्ती’ जशी वागते तसंच हे.

## टप्पा ३: मराठी लिंग कुठे आड येतं ते शोधा

इंग्रजी भाषक कोऱ्या पाटीने येतो. शंका आली की तो सगळ्याला पुल्लिंगी लावून मोकळा होतो. आपली पाटी कोरी नसते. ‘नदी’ म्हटल्याबरोबर ‘ती’ डोक्यात तयार असते, म्हणून ‘एल रिओ’ला ‘ला’ लागतं. चंद्र आपल्याला ‘तो’, स्पॅनिशला ‘ला लुना’. हात ‘तो’, मानो ‘ती’. आणि घर, पुस्तक, झाड, नाक, मीठ, पाणी ही सगळी ‘ती’ही नाहीत आणि ‘तो’ही नाहीत. ती कुठे टाकायची ते दरवेळी नव्याने ठरवावं लागतं: ला कासा, एल लिब्रो, एल आर्बोल, ला नारिस, ला साल.

म्हणून वहीत चौथा रकाना आखा. मराठी आणि स्पॅनिश लिंग जुळत असेल तर रिकामा सोडा (सूर्य – सोल, खुर्ची – सिया, रात्र – नोचे, डोळा – ओहो), उलटं असेल तर फुली, मराठीत नपुंसकलिंग असेल तर टिंब. उजळणी फुलीवाल्यांची रोज, टिंबवाल्यांची एक दिवसाआड, बाकीच्यांची आठवड्यातून एकदा. मराठीशी जुळणारे शब्द फुकट मिळालेले आहेत, त्यांच्यावर वेळ खर्च करू नका.

## टप्पा ४: अनेकवचन

स्वराने संपलं तर ‘स’, व्यंजनाने संपलं तर ‘एस’: लिब्रो – लिब्रोस, सिउदाद – सिउदादेस. शेवटी ‘झेड’ असेल तर लिहिताना त्याचा ‘सी’ होतो: लुस – लुसेस, लापिस – लापिसेस. मूळ लिपीतल्या ‘कान्सिओन’च्या ‘ओ’वरची तिरपी रेघ ‘कान्सिओनेस’मध्ये जाते. ‘होबेन’ला रेघ नाही, ‘होबेनेस’ला येते. वारांपैकी सोमवार ते शुक्रवार बदलत नाहीत: एल लुनेस, लोस लुनेस.

सावध: ‘ला हेन्ते’, म्हणजे लोक, स्पॅनिशमध्ये एकवचनी आणि स्त्रीलिंगी. ‘लोक चांगले आहेत’ हे डोक्यात असल्यामुळे ‘ला हेन्ते सोन बुएनोस’ निघतं. हवं ते ‘ला हेन्ते एस बुएना’. इंग्रजी भाषकही इथेच चुकतात, कारण त्यांच्याकडेही लोक अनेकवचनीच आहेत.

## टप्पा ५: विशेषण जुळवा, लांबचंही

हा टप्पा इंग्रजी भाषकाला महिनोन्‌महिने पुरतो. आपल्याला ‘चांगला, चांगली, चांगलं’ सांगावं लागत नाही. ‘पांढरी घरं’ म्हणणाऱ्याला ‘लास कासास ब्लांकास’ परकं वाटायचं कारण नाही. फक्त विशेषण बहुतेक वेळा नामानंतर येतं.

तरी तीन जागी घसरतो.

पहिली जागा न बदलणाऱ्या विशेषणांची. मराठीतलं ‘लाल’ किंवा ‘सुंदर’ कधीच बदलत नाही. स्पॅनिशमधलं ‘बेर्दे’ लिंगाप्रमाणे बदलत नसलं तरी वचनाप्रमाणे बदलतं: लास कासास बेर्देस. हा शेवटचा ‘स’ मराठी माणूस हमखास खातो.

दुसरी, स्त्री-पुरुष एकत्र असताना. आपण ‘नवरा-बायको दोघं आली’ म्हणतो, नपुंसकलिंगी अनेकवचन वापरतो. स्पॅनिशमध्ये मिश्र गट पुल्लिंगी होतो. लोस पाद्रेस म्हणजे आई-वडील.

तिसरी आणि सगळ्यांत चिवट: लांबचं विशेषण. ‘ला पेलिकुला के बिमोस आयेर कोन मि एर्मानो फुए मुय लार्गा’: काल भावाबरोबर पाहिलेला चित्रपट फार लांबलचक होता. वाक्याच्या शेवटापर्यंत पोचताना ‘एर्मानो’ हा पुल्लिंगी शब्द जवळ उभा असतो, आणि मराठीतला ‘चित्रपट’ही पुल्लिंगी, त्यामुळे तोंडातून ‘लार्गो’ जातं. शेजारच्या नामाशी जुळवू नका, ज्याच्याबद्दल बोलताय त्याच्याशी जुळवा.

तपासा: लिहून झालेल्या परिच्छेदात प्रत्येक विशेषणापासून त्याच्या नामापर्यंत पेन्सिलीने बाण काढा. जिथे बाण काढताना थबकलात तिथे चूक असण्याची शक्यता सर्वाधिक.

## टप्पा ६: एल, उन, की काहीच नाही

आता खरी अवघड गोष्ट. इंग्रजी इथे निम्म्या वेळा फसवते आणि मराठी गप्प राहते, कारण आपण सगळीकडे उघडं, म्हणजे उपपद नसलेलं, नाम वापरतो. एकच दूध घ्या.

दूध फ्रिजमध्ये आहे: ला लेचे एस्ता एन ला नेबेरा.
मला दूध आवडतं: मे गुस्ता ला लेचे.
मी रोज दूध पिते: बेबो लेचे तोदोस लोस दिआस.
दूध आहे का? आय लेचे?

मराठीत चारही ठिकाणी नुसतं ‘दूध’. स्पॅनिशमध्ये दोनदा उपपद आहे, दोनदा नाही. कुठे लावायचं हे ठरवायला खालचे प्रश्न याच क्रमाने विचारा. पहिल्याचं उत्तर मिळालं तर दुसऱ्याकडे जायची गरज नाही.

प्रश्न १: नाम कर्ता म्हणून क्रियापदाच्या आधी उभं आहे का? असेल तर ते सहसा उघडं राहत नाही. ‘कुत्रे इमानी असतात’: लोस पेरोस सोन फिएलेस. ‘आयुष्य अवघड असतं’: ला बिदा एस दिफिसिल. इंग्रजीत अशा सर्वसाधारण विधानात ‘द’ येत नाही, म्हणून इंग्रजी भाषक ‘पेरोस सोन फिएलेस’ म्हणतात आणि त्यांच्यामागून आपण. मराठीत याची एक फार चांगली खूण आहे: वाक्यात ‘आहे’ऐवजी ‘असतो, असते, असतात’ येतं. असं ‘असतात’ दिसलं की कर्त्याला एल, ला, लोस, लास लावायलाच हवं. प्रेम, संयम, शिक्षण असल्या अमूर्त नामांनाही हाच नियम.

क्रियापदानंतर आलेला कर्ता मात्र उघडा चालतो. ‘फाल्ता साल’: मीठ कमी आहे.

प्रश्न २: ‘आवडणं’, ‘दुखणं’ यांसारखं क्रियापद आहे का? इंग्रजी पुस्तक ‘मे गुस्ता’ समजावताना वाक्य उलटंपालटं करतं. तुम्ही तो धडा सरळ ओलांडा. ‘मे गुस्ता एल काफे’ म्हणजे ‘मला कॉफी आवडते’, आणि ‘मे गुस्तान लोस लिब्रोस’ म्हणजे ‘मला पुस्तकं आवडतात’. रचना हुबेहूब आपली. चहा आवडतो, कॉफी आवडते, पुस्तकं आवडतात: क्रियापद आवडत्या वस्तूशी जुळतं, कारण कर्ता ती वस्तू आहे. म्हणून इथे नामाला उपपद लागतंच, ते क्रियापदानंतर आलं तरी. ‘मे गुस्ता काफे’ ही इंग्रजीतून आलेली चूक.

‘मे दुएले ला काबेसा’: डोकं दुखतंय. अवयवांपुढे ‘माझं’ लावायची गरज नाही, उपपद पुरतं. ‘मे लाबो लास मानोस’: मी हात धुते. आपणही ‘माझे हात धुते’ म्हणत नाही, इंग्रजी भाषकाला मात्र ‘माझे’ सोडवत नाही.

प्रश्न ३: ‘आय’ आहे की ‘एस्ता’? ‘आय’ म्हणजे ‘आहे’, अस्तित्व सांगणारं. त्याच्यानंतर उन, ऊना, संख्या किंवा उघडं नाम येतं, ‘एल’ किंवा ‘ला’ नाही. ठरलेली वस्तू कुठे आहे ते सांगायला ‘एस्ता’. स्वयंपाकघराचं वर्णन करा म्हणजे हात बसेल: ‘एन ला कोसिना आय ऊना मेसा. ला मेसा एस ग्रान्दे. एन ला मेसा आय उन बासो. एल बासो एस्ता बासिओ.’ स्वयंपाकघरात एक टेबल आहे, टेबल मोठं आहे, टेबलावर एक पेला आहे, पेला रिकामा आहे. पहिल्यांदा ऊना मेसा, दुसऱ्यांदा ला मेसा. पहिल्यांदा उन बासो, दुसऱ्यांदा एल बासो. हे चार वाक्यांचं वर्णन रोज वेगळ्या खोलीचं करा, आठ दिवस. माझ्या अनुभवात याच्याइतकं उपयोगी पडणारं दुसरं काही नाही.

प्रश्न ४: ऐकणाऱ्याला कोणतं ते माहीत आहे का? मराठी वाक्यात नामापुढे ‘ते आपलं’ घालून पाहा, नंतर ‘कुठलं तरी एक’ घालून पाहा. पहिलं बसलं तर एल किंवा ला, दुसरं बसलं तर उन किंवा ऊना. दोन्ही घातल्यावर वाक्य विचित्र झालं आणि नुसतं ‘थोडंसं’ किंवा ‘काही’ चाललं, तर उघडं नाम: कोम्प्रो पान, पाव विकत घेते.

### ‘उन’ गाळायच्या जागा

इथे मराठीप्रमाणे चाललात तर बरोबर येईल, इंग्रजीप्रमाणे चाललात तर चुकाल. व्यवसाय: ‘सोय मेदिको’, मी डॉक्टर आहे. विशेषण आलं की मात्र ‘उन’ परत येतं: एस उन बुएन मेदिको. ‘ओत्रो’च्या आधी नाही: आणखी एक कॉफी म्हणजे ‘ओत्रो काफे’. ‘सिएन’ आणि ‘मिल’च्या आधी नाही: शंभर रुपये, सिएन रुपिआस. अर्धा तास ‘मेदिआ ओरा’. गाडी नाही म्हणायला ‘नो तेंगो कोचे’.

### ‘एल, ला’ घालायच्या जागा

‘एल लुनेस’ म्हणजे सोमवारी, ‘लोस लुनेस’ म्हणजे दर सोमवारी. वेगळं शब्दयोगी अव्यय लागत नाही. पण ‘आज सोमवार आहे’ला उपपद नाही: ओय एस लुनेस. घड्याळाला लागतं: एस ला ऊना, सोन लास दोस. एखाद्या सेन्योर गार्सियांबद्दल बोलताना ‘एल सेन्योर गार्सिआ’, त्यांना हाक मारताना नुसतं ‘सेन्योर गार्सिआ’. पुढचा आठवडा ‘ला सेमाना के बिएने’. शाळेत ‘एन ला एस्कुएला’, पण घरी ‘एन कासा’. आणि आपण कुठले हे सांगताना ‘सोय दे ला इंदिआ’. आपल्या देशाच्या नावाला उपपद लावायचा प्रघात आहे.

## टप्पा ७: दोन छोट्या पण रोज भेटणाऱ्या गोष्टी

‘आ’नंतर ‘एल’ आलं की ‘आल’, ‘दे’नंतर आलं की ‘देल’. ‘ला’, ‘लोस’, ‘लास’ यांच्याशी असा जोड होत नाही. ‘तो’ या अर्थाच्या ‘एल’शीही नाही, त्याच्यावर तिरपी रेघ असते.

दुसरी गोष्ट पाण्याची. ‘आग्वा’ स्त्रीलिंगी आहे, तरी ‘एल आग्वा’ म्हणतात. स्त्रीलिंगी एकवचनी नाम जोर दिलेल्या ‘आ’ने सुरू होत असेल आणि उपपद त्याला लागून असेल तर ‘ला’चं ‘एल’ होतं. आग्वा, आगिला (गरुड), आम्ब्रे (भूक), आउला (वर्गखोली), आल्मा (आत्मा) हे असेच. बदल फक्त उपपदात, लिंगात नाही. म्हणून ‘एल आग्वा फ्रिआ’, ‘लास आग्वास’, ‘एस्ता आग्वा’, ‘मुचा आम्ब्रे’. ‘मुचो आम्ब्रे’ ही फार पसरलेली चूक. आणि ‘आ’वर जोर नसेल तर काही बदलत नाही: ला आमिगा, ला आरेना (वाळू).

वहीत ‘एल आग्वा’ लिहाल तर पुढे पुल्लिंगी ठरवून बसाल. ‘एल आग्वा फ्रिआ’ लिहा आणि स्त्रीलिंगी रंगातच लिहा.

## टप्पा ८: कान आणि तोंड

इथपर्यंत आलेला विद्यार्थी कागदावर बरोबर लिहितो आणि बोलताना चुकतो. लिहिताना थांबायला वेळ असतो, बोलताना नसतो.

केसी ल्यू-विल्यम्स आणि अ‍ॅन फर्नाल्ड यांचं २००७ साली प्रसिद्ध झालेलं संशोधन मला यासाठी महत्त्वाचं वाटतं. स्पॅनिश बोलणाऱ्या घरांतल्या, तीन वर्षांच्या आसपासच्या मुलांना दोन चित्रं एकत्र दाखवून त्यांतल्या एकाचं नाव ऐकवलं. दोन वस्तूंची लिंगं वेगळी असली की मुलांची नजर बरोबर चित्राकडे लवकर वळायची, कारण ‘ला’ ऐकताच एक चित्र बाद होत होतं. याच दोघांनी २०१० साली मोठेपणी स्पॅनिश शिकलेल्या इंग्रजी भाषकांविषयी लिहिलं. ओळखीच्या शब्दांसाठीही त्यांना उपपदाचा तसा फायदा होत नव्हता. मुलाला ‘ला’ ही पुढच्या नामाची चाहूल असते. मोठ्या माणसाने नाम आधी शिकलेलं असतं आणि उपपद नंतर डकवलेलं.

त्यावर मी करून घेते तो सराव असा. ऐकायचा उतारा लावा आणि एल, ला, उन, ऊना ऐकू आलं की थांबवा. पुढे कोणतं नाम येईल याचे दोन-तीन अंदाज मोठ्याने सांगा, मग पुढे चालवा. अंदाज चुकला तरी चालेल, लिंग चुकायला नको. रोज पाच मिनिटं, महिनाभर. सुरुवातीला फार सावकाश जातं, तसंच जाऊ द्या.

दुसरा सराव बोलण्याचा. एक फोटो घ्या, दोन मिनिटं वर्णन करा आणि रेकॉर्ड करा. ऐकताना अर्थाकडे लक्ष देऊ नका, फक्त उपपदं मोजा: किती नामांपुढे आलं, किती ठिकाणी राहिलं, किती ठिकाणी ‘एल’ सवयीने आलं.

## लिहून झाल्यावर तपासायचा क्रम

सगळं एकदम तपासू नका. मजकूर चार वेळा वाचा, दर वेळी एकच गोष्ट पाहा.

१. क्रियापदाआधी उघडा कर्ता कुठे राहिलाय का?
२. ‘ए’ आणि ‘झेड’ने संपणारी नामं, ‘-मा’वाले शब्द आणि वहीतले फुलीवाले शब्द यांची लिंगं.
३. विशेषणांचे बाण, आणि शेवटचा ‘स’.
४. ‘आ एल’, ‘दे एल’, ‘उन ओत्रो’, ‘आय एल’ यांपैकी काही दिसतंय का?

चौथं वाचन अर्ध्या मिनिटाचं आहे. या चारपैकी शेवटच्या दोन जोड्या स्पॅनिशमध्ये सहसा येत नाहीत. पहिल्या दोन फक्त तिरपी रेघ असलेल्या ‘एल’बरोबर किंवा ‘एल साल्बादोर’सारख्या, ‘एल’ ज्याचा भाग आहे अशा नावाबरोबर सुट्या राहतात. बाकी कुठेही दिसल्या तर बेलाशक दुरुस्त करा.

वाचनात सापडलेली प्रत्येक चूक वहीच्या मागच्या पानावर, चुकलेल्या रूपात न लिहिता, दुरुस्त करून पूर्ण वाक्यात लिहा. ‘लेचे फ्रिओ’ लिहून त्यावर काट मारली तरी डोळ्याला तेच दिसत राहतं. ‘ला लेचे एस्ता फ्रिआ’ एवढंच लिहा, तारीख टाका, आणि तीन दिवसांनी तेच वाक्य मराठीतून विचारून घ्या.